ओसाका दिवसभर पायी, संध्याकाळी त्सुरुहाशीची शेगडी

ओसाकाच्या लूप लाइनवर संध्याकाळी त्सुरुहाशी स्टेशनात गाडीचे दरवाजे उघडले, की माणसांच्या आधी वास आत शिरतो. निखाऱ्यावर टपकलेली चरबी, तापलेला सोया सॉस, लसूण, तिळाचं तेल, सगळं थेट फलाटावर. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २००१ साली देशातल्या जपण्यासारख्या शंभर गंधांची यादी केली, तेव्हा समुद्र, जंगलं आणि फुलबागांच्या जोडीला त्सुरुहाशी स्टेशनाच्या परिसरालाही तिच्यात जागा मिळाली. तो वास याकिनिकुचा. याकिनिकु म्हणजे शब्दशः भाजलेलं मांस. टेबलातच शेगडी असते, कच्च्या मांसाचे पातळ काप ताटलीत येतात आणि ते आपणच भाजून खायचे.

मी या शहरात राहते आणि वर्षातून दोन-तीनदा तरी घरची माणसं येतात. प्रत्येकाला किल्ला बघायचा असतो आणि याकिनिकुही खायचं असतं. सुरुवातीला मी हे दोन्ही वेगवेगळं करायचे. सकाळी मेट्रोने किल्ला, दुपारी दोतोन्बोरी या खाण्यापिण्याच्या पेठेतली गर्दी, रात्री हॉटेलजवळच्या एखाद्या दुकानात जेवण. पाहुणे दमायचे, पण पोटात भूक नसायची, आणि जे खाल्लं ते कुठून आलं याचा पत्ता नसायचा. मग एका शरद ऋतूत मामेभाऊ आणि वहिनी आले, तेव्हा सगळा दिवस पायी आखला आणि त्सुरुहाशीला संपवला. तेव्हापासून हाच रस्ता ठरून गेला आहे. तो तुम्हालाही तसाच चालता यावा म्हणून सविस्तर लिहिते.

रस्त्याची आखणी

ओसाका शहर बहुतेक सपाट आहे. त्याच्या मधोमध उत्तर-दक्षिण एक बुटकी सोंड आहे, उएमाचीचं पठार. उंची जेमतेम वीसेक मीटर. हजारो वर्षांपूर्वी त्याच्या पश्चिमेला समुद्र होता, पूर्वेला खाडी, आणि ही सोंड म्हणजे पाण्यात शिरलेलं भूशिर. बाकीचं शहर नद्यांच्या गाळावर नंतर उभं राहिलं. म्हणून जुनं जे जे आहे ते या पठारावर. उत्तर टोकाला किल्ला आणि त्याच्याही आधीचा राजवाडा, दक्षिणेला शितेन्नोजी मंदिर. आपण हे पठार उत्तरेकडून दक्षिणेकडे चालत जायचं, मग पूर्वेला उतरायचं, आणि कोरियन वस्तीतून त्सुरुहाशीला पोचायचं.

सुरुवात लूप लाइनच्या मोरिनोमिया स्टेशनवरून, शेवट त्याच लाइनवरच्या त्सुरुहाशीला. दोन्हींमध्ये रेल्वेने फक्त दोन स्टेशनांचं अंतर, आपण मात्र मोठा वळसा घालून जाणार. इकडेतिकडे रेंगाळणं धरून दहा ते बारा किलोमीटर होतात. सकाळी नऊला निघालात तर जेवायला पाच वाजता बसता येतं. पठारावर चालताना तानिमाची मेट्रो बराच वेळ जवळपास असते, त्यामुळे कुणाचे गुडघे बोलायला लागले तर मधला टप्पा गाडीने गाळता येतो. आईवडील बरोबर असतील तर मी किल्ल्यानंतर तेच करते.

महिने निवडायचे तर ऑक्टोबर-नोव्हेंबर, किंवा मार्चअखेर ते एप्रिल. जुलै-ऑगस्टमध्ये हा बेत करू नका. ओसाकाचा उन्हाळा मुंबईच्या मे महिन्यासारखा चिकट असतो, पारा पस्तिशीच्या पुढे जातो, आणि उन्हात दहा किलोमीटर चालून आल्यावर शेगडीसमोर बसवत नाही.

पायी की सायकलने?

ओसाका सायकलींचं शहर आहे आणि भाड्याच्या सायकली जागोजागी मिळतात. तरीही या बेताला मी पायीच सुचवते, आणि कारण जेवणाशी बांधलेलं आहे. याकिनिकुबरोबर बहुतेक जण बिअर घेतात. जपानमध्ये दारू पिऊन सायकल चालवणं हा गुन्हा आहे. नोव्हेंबर २०२४ पासून थोडी प्यायलेल्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. सायकल घेतलीच तर दुकानात शिरण्याआधी ती परत करून मोकळे व्हा. शिवाय डाव्या बाजूने चालवायची, हातात फोन किंवा छत्री नको, हेल्मेट घालणं अपेक्षित आहे, आणि स्टेशनाजवळ कुठेही लावून ठेवली तर उचलून नेतात. त्सुरुहाशीच्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की तिथे सायकल हातात धरून चालणंही अवघड जातं.

आदल्या दिवशीची तयारी

याकिनिकुच्या दुकानात संध्याकाळी पाचची जागा राखून ठेवा. त्सुरुहाशीची बरीच दुकानं लहान असतात. शनिवार-रविवारी सहानंतर रांगा लागतात, आणि दिवसभर चाललेल्या पायांना रांग सोसत नाही. जपानी येत नसेल तर हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या माणसांना फोन करायला सांगा, ते आनंदाने करतात. फोन करतानाच खाण्याचे निर्बंध सांगून टाका. आयत्या वेळी सांगितलेलं दुकानदाराला सांभाळता येत नाही आणि त्याला त्याचं खरोखर वाईट वाटतं.

कपडे सुती आणि धुता येणारे घाला. लोकरीचा कोट किंवा रेशमी ओढणी त्या धुराचा वास आठवडाभर सोडत नाही. बऱ्याच दुकानांत कोट ठेवायला मोठी प्लास्टिकची पिशवी आणि अंगावर बांधायला कागदी एप्रन मिळतो, पण आपली एक पिशवी बरोबर असावी. बूट जुने, पायाला सरावलेले. रस्त्यात कचऱ्याचे डबे फारसे नसतातच, तेव्हा रिकाम्या बाटल्यांसाठी आणखी एक पिशवी घ्या. पाण्याची काळजी नको, दर शंभर पावलांवर पाणी आणि पेयं विकणारं यंत्र उभं असतं.

किल्ल्यापासून शितेन्नोजीपर्यंत

नऊ वाजता मोरिनोमियाहून किल्ल्याच्या बागेत शिरा. दिसणारा पांढरा-हिरवा मनोरा १९३१ साली काँक्रीटमध्ये बांधलेला आहे, आत संग्रहालय आणि लिफ्ट. सह्याद्रीतले गड चढलेल्या माणसाला तो कदाचित निराश करेल. म्हणून मी मनोऱ्यावर वेळ घालवत नाही, तटबंदीवर घालवते. तेव्हाचा बलाढ्य सरदार तोयोतोमी हिदेयोशी याने १५८३ साली इथे किल्ला बांधायला घेतला. त्याचं घराणं संपवल्यावर प्रतिस्पर्धी तोकुगावा घराण्यातल्या शासकांनी तो मातीखाली गाडला आणि १६२० च्या दशकात वर नवा उभारला. आज दिसणारे खंदक आणि तट त्यांचे. दक्षिणेकडच्या साकुरामोन दरवाजातून आत आल्यावर समोर एक शिळा आहे, ताकोइशी, म्हणजे ऑक्टोपसची शिळा. वजन अंदाजे १०८ टन. ती समुद्रमार्गे आणली आणि चुन्याविना बसवली. तिच्यासमोर दहा मिनिटं उभे राहा. राजगडाची संजीवनी माची पाहिलेल्याला इथे खूप काही वाचता येतं.

दक्षिणेला रस्ता ओलांडला की नानिवा राजवाड्याचं मोकळं मैदान लागतं. सातव्या शतकात इथे जपानची राजधानी होती. आता फक्त दगडी जोती आणि गवत. पर्यटक फिरकत नाहीत, स्थानिक लोक कुत्री फिरवतात. पाणी प्यायला उत्तम जागा.

तिथून तानिमाचीच्या रस्त्याने वीसेक मिनिटांत काराहोरीचा छपरी बाजार. काराहोरी म्हणजे कोरडा खंदक. हिदेयोशीच्या किल्ल्याची दक्षिण हद्द इथे होती, आणि बाजारातला उतार त्या भूगोलाची खूण आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीतून हा भाग बराचसा वाचला, त्यामुळे आजूबाजूच्या गल्ल्यांत लाकडी चाळी अजून दिसतात. दुपारचं इथेच उरका, आणि हलकं. एक वाटी उदोन, म्हणजे रश्श्यातल्या गव्हाच्या जाड शेवया, पुरे. पाच तासांनी शेगडीसमोर बसायचं आहे हे विसरू नका. उदोनच्या रश्श्यात माशाचा अर्क असतो, म्हणून शाकाहारी मंडळींनी कन्व्हिनियन्स स्टोअरमधून उमेबोशीचा, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा, भाताचा गोळा घेतलेला बरा.

पुढचा टप्पा मला सगळ्यात आवडतो. पठाराच्या पश्चिम कडेला देवळांची रांग आहे आणि त्यांच्यामधून खाली उतरणाऱ्या सात चढणी, तेन्नोजीच्या सात घाट्या. त्यातली कुचिनावा नावाची घाटी नक्की चढा-उतरा. कुचिनावा हा सापासाठीचा जुना शब्द. दगडी पायऱ्या, दोन्हीकडे देवळांच्या भिंती, मांजरं. खाली उतरून परत वर यायचं, म्हणजे पायांना काम आणि पोटाला भूक. या भागाचं नाव युहिगाओका, सूर्यास्ताची टेकडी. पूर्वी इथून समुद्रात बुडणारा सूर्य दिसायचा.

शितेन्नोजी दुपारी तीनच्या आत गाठा, कारण हिवाळ्यात आतला भाग चारला बंद होतो. राजपुत्र शोतोकुने ५९३ साली स्थापलेलं हे जपानमधल्या सगळ्यात जुन्या बौद्ध मंदिरांपैकी एक. इमारती अनेकदा जळून पुन्हा उभ्या राहिल्या, पण पश्चिमेची दगडी तोरी कमान १२९४ सालची आहे. विषुवदिनाला लोक अजूनही तिथे जमून मावळत्या सूर्याकडे बघत प्रार्थना करतात. महिन्याच्या २१ आणि २२ तारखेला आवारात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तारीख जुळवता आली तर जुळवा.

इथून जवळच शिनसेकाई ही गजबजलेली पेठ आणि तिथला त्सुतेनकाकु मनोरा आहे आणि पाहुण्यांचं मन तिकडे ओढतं. मी नाही म्हणते. तिथे गेलं की काडीला लावून तळलेले पदार्थ खाल्ले जातात आणि संध्याकाळचं जेवण वाया जातं. दुसरा दिवस ठेवा.

जेवणाआधी मियुकिदोरी

पठार पूर्वेला उतरून मोमोदानी स्टेशनाजवळ रेल्वेखालून पलीकडे गेलात की इकुनो भाग. जपानमधल्या कोरियन वंशाच्या लोकांची सगळ्यात मोठी वस्ती इथे आहे. मियुकिदोरी हा त्यांचा साधारण अर्धा किलोमीटरचा बाजार. किमचीची, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीची, भांडी, सुके मासे, तिळाचं तेल, तांदळाच्या पिठाचे चिवट केक. अलीकडे कोरियन गाण्यांच्या चाहत्या मुलींची गर्दी जास्त असते. घाई करून पुढे जाऊ नका. शेगडीवर जे येणार आहे ते समजायचं असेल तर इथे अर्धा तास द्यायला हवा.

कोरिया जपानच्या ताब्यात असताना, १९२० च्या दशकात जेजू बेट आणि ओसाका यांच्यात थेट बोट सुरू झाली. हजारो लोक कारखान्यांत आणि बांधकामांवर कामाला आले. या भागाला तेव्हा इकाइनो म्हणत. त्या नावाचा अर्थ डुकरं पाळण्याची जागा, आणि १९७३ साली ते नाव नकाशावरून पुसलं गेलं. घर भाड्याने मिळायचं नाही, बरी नोकरी मिळायची नाही. जपानी खाटीक आतडी, पोट, जठर यांना फारशी किंमत देत नसत. ती या लोकांनी घेतली, धुतली, लसूण-तिखटात मुरवली आणि कोळशावर भाजली. युद्धानंतर त्सुरुहाशी स्टेशनाभोवती काळा बाजार फुलला आणि त्याच्याबरोबर या शेगड्याही. आतड्या-कोथळ्याच्या भागांना इथे होरुमोन म्हणतात. ओसाकाच्या बोलीत होरु मोन म्हणजे फेकून द्यायची वस्तू, त्यावरून हा शब्द आला असं इथला प्रत्येक जण सांगतो. अभ्यासक हे मान्य करत नाहीत, कारण ताकद देणाऱ्या खाण्यासाठी हा शब्द आधीपासून वापरात होता. पण लोकांनी तीच व्युत्पत्ती का धरून ठेवली, हे मियुकिदोरीतून चालताना कळतं.

मला इथे दर वेळी आपल्याकडच्या वजडी, रक्ती (शिजवलेलं रक्त) आणि चान्यांची (सुकवलेल्या मांसाच्या तुकड्यांची) आठवण येते. ज्यांना गावाच्या कडेला ढकललं, त्यांनी इतरांनी नाकारलेल्या भागांतून चव उभी केली. आपल्याकडे ते ताट अजून संकोचाने झाकलं जातं. इथे त्याच प्रकारचं ताट सगळ्या देशाचं आवडतं जेवण झालं. २९ ऑगस्टला याकिनिकु दिवस असतो, कारण आठ-दोन-नऊ हे आकडे जपानीत या-नि-कु असे वाचता येतात. मात्र ज्यांनी ते शिकवलं त्यांना बरोबरीने वागवायला तो देश अजून पुरता शिकलेला नाही.

उत्तरेकडे पंधरा-वीस मिनिटं चाललं की त्सुरुहाशीचा छपराखालचा बाजार. कोरियन पोशाखांची रंगीत दुकानं, मासळी, अंधाऱ्या गल्ल्या. रस्ता चुकतोच, चुकू द्या. किमची घ्यायचीच असेल तर जेवणाआधी घेऊ नका, आणि तीन पिशव्यांत बांधून मागा.

दुकान, आणि गोमांसाचा प्रश्न

याकिनिकुची दुकानं मुख्यतः स्टेशनाच्या पश्चिमेच्या गल्ल्यांत. जुनं त्सुरुइची कोळशावर भाजू देतं, होरुमोनसाठी सोरा प्रसिद्ध. आणखी डझनावारी आहेत. दुकानं तीन तऱ्हेची असतात. कोळशाची शेगडी, गॅसची शेगडी आणि धूर खाली ओढून घेणारं टेबल. हे शेवटचं तंत्र १९८० साली नागोयाच्या शिन्पो कंपनीने आणलं आणि याकिनिकु धुरकट गल्लीतून निघून कुटुंबांच्या जेवणात आलं. पहिल्यांदा जात असाल तर कोळसा निवडा. माणशी पाचेक हजार येन धरून चला. ठरावीक पैशांत हवं तेवढं खाण्याची सोय असलेली दुकानंही असतात, पण तिथे दीड-दोन तासांचं घड्याळ लागतं आणि मांस बेताचं असतं. दमून आलेल्या दिवशी मला घड्याळ नको असतं.

आता जे आधी स्पष्ट व्हायला हवं ते. याकिनिकु म्हणजे मुख्यतः गोमांस. मेनूवर काही लिहिलं नसेल तर ते गाईबैलाचंच समजा. आपल्यातले काही जण ते खातात, बरेच जण खात नाहीत, आणि दोघांनाही समजावत बसायची गरज नाही. न खाणाऱ्यांनी बसताक्षणी सांगावं, “ग्यूनिकु वा ताबेमासेन”, म्हणजे गोमांस खात नाही. मग डुकराचं मांस, कोंबडी, कोळंबी, मशरूम, कांदा, भोपळा मागता येतो. जाळी मात्र वेगळी मागा, आणि शक्यतो वेगळी शेगडी. चार जण असाल तर दोन शेगड्यांचं टेबल मिळतं का ते फोनवरच विचारून ठेवा. सॉसमध्येही मांसाचा अर्क असू शकतो, म्हणून मीठ आणि लिंबू वापरा. मटणाची सवय असलेल्यांना मेंढीच्या मांसाचं जिंगिसुकान हा उत्तम पर्याय आहे. तो होक्काइदोचा प्रकार, पण ओसाकातही मिळतो.

कडक शाकाहारी माणसाला मात्र इथे आणू नका. वहिनी शाकाहारी. तिने भाज्या आणि भातावर भागवलं, तक्रार केली नाही, पण किमचीत मासळी असते हे मी तिला आधी सांगायला हवं होतं. आता अशा पाहुण्यांना मी मियुकिदोरीपर्यंत बरोबर नेते आणि त्यांचं जेवण दुसरीकडे ठरवते.

शेगडीवरचा क्रम

सगळं एकदम मागवू नका. दोन-दोन ताटल्या मागवत जा.

आधी तान, म्हणजे जीभ, मीठ लावलेली. पातळ काप असतात, सॉस नसतो, त्यामुळे जाळी स्वच्छ राहते. एक बाजू कुरकुरीत होऊ द्यायची, उलटून दोन श्वास, मग लिंबू. त्यानंतर हारामी, श्वासपटलाचा भाग. लाल मांसासारखा दिसतो, पण जपानी खाटीक त्याला होरुमोनमध्येच धरतात. मऊ आणि रसाळ, आणि माझ्या मते टेबलावरची सगळ्यात चांगली गोष्ट. मग कारुबी, बरगडीचं चरबीदार मांस. हा शब्द कोरियन गाल्बीवरून आला. कारुबीबरोबर साधा पांढरा भात मागवा. सॉसमध्ये बुडवलेला तुकडा भातावर टेकवून खायचा, म्हणजे त्या भातालाही चव येते.

होरुमोन शेवटी. तेच्चान हे मोठं आतडं, मिनो हे पहिलं जठर. ज्यांना वजडी आवडते त्यांना मिनो लगेच जमतो. तेच्चानची कातडीकडची बाजू आधी भाजा, आकसू द्या, मग चरबीकडची बाजू थोडाच वेळ. चरबी टपकून ज्वाळा उठतात. घाबरू नका, तुकडे कडेला सरकवा आणि दुकानदाराने दिलेला बर्फाचा खडा जाळीवर ठेवा. पाणी ओतू नका, राख उडते. जाळी काळी झाली की म्हणा, आमी काएते कुदासाई, आणि ती बदलून देतात. संकोच करू नका, करपलेल्या जाळीवर चांगलं मांस कडू होतं.

एक नियम मोडायचा नाही. कच्चं मांस चिमट्याने उचलायचं, चॉपस्टिक फक्त तोंडात जाणाऱ्या तुकड्याला. डुक्कर, कोंबडी आणि होरुमोन आतपर्यंत शिजायला हवं. जपानी आरोग्य खात्याचं माप म्हणजे मध्यभागी ७५ अंश सेल्सिअसला एक मिनिट. कच्चं गोमांसाचं यकृत वाढायला २०१२ पासून बंदी आहे, तेव्हा रेबा म्हणजे काळीज आलं तर तेही पूर्ण भाजा. आणि दुसऱ्याचा तुकडा उलटू नका. जो ज्याने ठेवला तो त्याचा.

शेवटी रेइमेन, थंड रश्श्यातल्या चिवट शेवया. तोंडातली चरबी आणि दिवसभराची ऊब दोन्ही उतरतात. बिल बहुतेक ठिकाणी दाराजवळच्या गल्ल्यावर द्यायचं, टिप नसते. लहान दुकानांसाठी रोख जवळ ठेवा.

सातच्या सुमाराला बाहेर पडाल तेव्हा फलाटावर तोच वास असेल, आणि आता तो तुमच्या कपड्यांनाही येत असेल. मोरिनोमिया दोन स्टेशनं उत्तरेला. किल्ला रात्री दिव्यांनी उजळतो, तो बघायला मामेभाऊ तेव्हा पुन्हा उतरला होता.